शीर्षकाचा रकाना

अक्षर म्हणजे ज्याला क्षय नाही ते, असं आपल्याकडे फार पूर्वीपासून मानत आले आहेत. माझ्या अनुभवात हे चौसष्टाव्या अक्षरापर्यंत खरं आहे. पासष्टावं अक्षर गिंडीच्या हवेत विरून जातं आणि त्याची कोणी चौकशीही करत नाही.

चेन्नईतल्या एका एफएम केंद्रात मी अभियंता आहे. केंद्र गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत आहे. एका बाजूला लेथ मशिनांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्यांचं गोदाम, आणि मधे आमची काचेची इमारत. काही वर्षांपूर्वी मुख्य कचेरीने ठरवलं की गाणं वाजत असताना त्याचं नाव गाडीतल्या रेडिओच्या पडद्यावर दिसलं पाहिजे. यात नवीन काही नव्हतं. जगात ही सोय कित्येक वर्षं आहे. पण आमच्या कचेरीला ती नुकतीच सुचली असल्यामुळे ती क्रांती ठरली.

काम तसं सरळ. स्टुडिओतल्या ज्या सॉफ्टवेअरमधून गाणी वाजतात, ते प्रत्येक गाणं सुरू होताना त्याचं नाव आणि गायक एका ओळीत जोडून पाठवतं. ती ओळ ट्रान्समीटरच्या खोलीतल्या एका चपट्या पेटीत जाते. ही पेटी म्हणजे एनकोडर. ती त्या ओळीचा कानाला ऐकू न येणारा सूर करते आणि गाण्याच्या बरोबरीने हवेत सोडते. गाडीतला रेडिओ तो सूर पकडून पुन्हा अक्षरं करतो. पेटीला फक्त रोमन लिपी कळते आणि चौसष्टच्या पुढे मोजता येत नाही. केंद्राच्या नावासाठी वेगळी आठ घरं असतात. आमच्या केंद्राचं नाव नऊ अक्षरी. कोणतं अक्षर गाळावं यावर तीन शहरांतल्या सात वरिष्ठांनी बैठक घेतली, एकानेही माघार घेतली नाही, आणि शेवटी पेटीने आपणहून नववं गाळलं.

चाचणीसाठी मी अंबत्तूरला घराजवळच्या दुकानातून एक वापरलेला कार रेडिओ आणला, टेबलावर ठेवला, एरियल म्हणून वायरचा तुकडा लावला. चार दिवस कोणालाही न सांगता मजकूर हवेत सोडत राहिलो. सांगितलं नाही म्हणजे कोणी पाहणार नाही, असं मी धरून चाललो होतो.

पाचव्या दिवशी, सोमवारी सकाळी, एका श्रोत्याचा फोन आला. ऑपरेटरला तो कोणाकडे द्यावा कळेना, म्हणून माझ्याकडे आला.

“तुम्हीच लिहिता मधे जाहिरात लावू नका म्हणून,” गृहस्थ तमिळमध्ये म्हणाले, “आणि मग तुम्हीच लावता. हे काय?”

“कुठे लिहिलंय सर?”

“माझ्या गाडीत. गाण्याचं नाव, आणि त्याच्यापुढे, ‘मधे कापू नका, लोक चिडतात.’ शोळिंगनल्लूरच्या सिग्नलला उभा होतो, वाचायला वेळच वेळ होता. आणि तेवढ्यात तुम्ही कापलंत.”

“माफ करा.”

“माफी कशाला? मी फक्त कळवतोय की मी चिडलो आहे.”

मी गाण्यांची यादी उघडली. त्या गाण्याच्या शीर्षकाच्या रकान्यात नाव होतं आणि नावाला लागून ते वाक्यही होतं. मग पुढची पानं पाहिली. असं एकच गाणं नव्हतं.

हे सगळं अक्कांचं होतं.

अक्का म्हणजे आमच्या संगीत संग्रहाच्या प्रमुख. केंद्र सुरू झालं त्या दिवसापासूनच्या. घराणं तंजावरकडचं, कित्येक पिढ्या तिकडेच. त्यांचं मराठी माझ्या मराठीपेक्षा बरंच जुनं आणि मधेमधे तमिळ. मी महाराष्ट्रातून बदलीवर आलेला, माझी तमिळ भाजीबाजार आणि बिघडलेली यंत्रं एवढ्यापुरती. आम्ही आपसात मराठी बोलायचो आणि दोघांनाही वाटायचं की समोरचा जरा चुकीचं बोलतो. त्या मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायच्या. येत्या मार्चमध्ये त्या निवृत्त होणार होत्या.

निवेदकाच्या पडद्यावर मोठ्या अक्षरात दोनच गोष्टी दिसतात: गाण्याचं शीर्षक आणि उरलेला वेळ. म्हणून निवेदकाला जे सांगायचं ते अक्का शीर्षकातच लिहीत आल्या होत्या, वर्षानुवर्षं. ‘शेवटच्या कडव्यात गायक खोकतो, मूळ रेकॉर्डच तशी आहे.’ ‘दहावीच्या निकालाच्या दिवशी नको.’ ‘अपघाताच्या बातमीनंतर नको.’ ‘हे लावलं की वेळच्चेरीच्या एक आजी फोन करतात, पाच मिनिटं बोलू द्या.’ तमिळ वाक्यं, रोमन अक्षरांत. आता, तमिळ सिनेगीताला वेगळं नाव नसतं, पहिली ओळ हेच नाव. म्हणजे आधी एक वाक्य आणि त्याला लागून दुसरं वाक्य. मधे रेघ नाही, कंस नाही.

“कंस तरी घालायचा अक्का,” मी म्हणालो.

“कंसात घातलं की कोणी वाचत नाही, तंबी,” त्या म्हणाल्या. “लोकांला वाटतं, हे आपल्याला नाही.”

त्याच दुपारी केंद्रप्रमुखांनी आम्हाला बोलावलं. आमचे केंद्रप्रमुख भला माणूस, पण जाहिरात कंपनीतून आलेला. शनिवारी नव्या सेवेचं उद्घाटन होतं, प्रादेशिक संचालक विमानाने येणार होते.

“आपण एक ब्रँड आहोत,” सर म्हणाले. “ब्रँड असं बोलतो का? ‘लोक चिडतात’?”

“चिडतात सर,” अक्का म्हणाल्या. “ब्रँडला विचारून नाही चिडत.”

सरांनी पाण्याचा घोट घेतला आणि मुख्य कचेरीचा निरोप वाचून दाखवला. सर्व केंद्रांचे शीर्षकाचे रकाने स्वच्छ व्हायला हवेत. पुढच्या सोमवारी मुख्य कचेरीतून एक प्रोग्रॅम चालवला जाईल, तो प्रत्येक शीर्षकाचे पहिले चार शब्द ठेवून बाकीचे उडवील. ज्या केंद्राने शनिवारपर्यंत हाताने काम पूर्ण करून तसं प्रमाणपत्र दिलं असेल, ते केंद्र वगळलं जाईल.

“चार शब्दांत आमची पहिली ओळ होत नाही,” अक्का म्हणाल्या.

“मग हाताने करा. मला उद्या दहा गाणी नमुना म्हणून दाखवा.”

बाहेर आल्यावर मी त्यांची समजूत घातली. सगळ्या टिपा एका एक्सेल फाइलमध्ये काढून ठेवतो, एकही हरवणार नाही, असं सांगितलं. मला ते फार समंजस वाटलं होतं.

“आणि गाणं चालू असताना ती फाइल कोण उघडेल?” त्यांनी विचारलं. “गाण्यावर लिव्हलेलं गाण्याबरोबर येतं. फाइलीत घातलं की फाइलीतच ऱ्हातं. म्यूझियम होतं तंबी.”

मी तरीही दहा गाणी स्वच्छ केली. आज्ञा होती, आणि खरं सांगायचं तर मला त्या टिपा थोड्या घरगुती वाटत होत्या. रेडिओ केंद्रात फ्रिजवर चिठ्ठ्या लावल्यासारख्या.

मंगळवारी सकाळच्या कार्यक्रमात त्या दहांतलं एक गाणं लागलं. ते मधे थांबतं. वाद्यं बंद, आवाज बंद, सहा सेकंद पूर्ण शांतता, आणि मग नायिका पुन्हा सुरू करते. सकाळची निवेदिका नव्या दमाची, गाणं तिच्या जन्माआधीचं. ती मोठ्या प्रसन्नतेने म्हणाली, “किती सुंदर गाणं होतं ना!” आणि तिच्या वाक्यावर नायिका किंचाळत आली. तिने घाबरून आवाज खाली ओढला, मग वर नेला, मग माफी मागितली, तीही गाण्याच्या अंगावर. शेवटी टूथपेस्टची जाहिरात लावली. दहा मिनिटं फोन वाजत होते.

कार्यक्रम संपल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली. “अण्णा, तिथे लिहिलेलं असायचं ना? ‘सहा सेकंद शांतता, संपलं समजू नका.’ कुठे गेलं?”

“मी काढलं.”

“का?”

“नमुना म्हणून.”

आजाऱ्याची अर्धी औषधाची बाटली कोणी ओतून, घासून, फळीवर पालथी घालून ठेवावी आणि घरच्यांनी त्याच्याकडे पाहावं, तसं तिने माझ्याकडे पाहिलं.

अक्का त्यांच्या खोलीत सीडीच्या रॅकसमोर बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, “दहांतलं एक झालं. अजून नऊ आहेत. बघूया.”

त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसूनच मी ठरवलं की या टिपा कुठेही जाणार नाहीत. त्या निवेदकाच्या पडद्यावरच राहतील. तत्त्व वगैरे काही नव्हतं. माझ्या हाताने एक मोडलं होतं आणि उरलेली मला मोडायची नव्हती.

दुपारभर सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका वाचली. ती अशा माणसाने लिहिली होती ज्याला वाचकाचा राग होता. पण चौदाव्या पानावर हवं ते सापडलं. एनकोडरला जी ओळ जाते तिचा साचा आपण ठरवू शकतो. साच्यात ‘शीर्षक’ असं लिहिलेलं होतं म्हणून शीर्षक जात होतं. दुसऱ्या रकान्याचं नाव लिहिलं तर दुसरा रकाना जाईल. म्हणजे टिपा काढायची गरजच नव्हती. स्वच्छ नावं दुसरीकडे लिहायची आणि तीच बाहेर पाठवायची.

दुसरा रकाना शोधला. चित्रपट, वर्ष, लय, गायक, सगळे भरलेले. एकच रकाना पहिल्यापासून शेवटपर्यंत रिकामा होता: बारकोड. सीडी विकत घेण्याच्या काळात कोणीतरी तो ठेवला होता आणि कोणीही कधी भरला नव्हता.

“म्हणजे माझं लिव्हलेलं अस्कं तिथंच ऱ्हाईल?” अक्कांनी विचारलं.

“तिथंच.”

“आणि बाहेर?”

“बाहेर फक्त नाव.”

“मग काल हे कां म्हून केलं नाही?”

“सुचलं नाही.”

“सरी,” त्या म्हणाल्या. ठीक आहे, अशा अर्थाने. मग पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

ज्या गाण्यांवर टीप नव्हती त्यांची नावं एका झटक्यात नव्या रकान्यात उतरवता आली. टिपांची गाणी अठराशेच्या आसपास निघाली. ती यंत्राला जमणारी नव्हती, आणि मलाही नाही. ओळ कुठे संपते आणि टीप कुठे सुरू होते हे मला कळत नव्हतं. ‘पाऊस असेल तेव्हा लावू नका’ हे मला गाण्याचेच शब्द वाटले होते. म्हणून यादी छापली. अक्का प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने एक उभी रेघ मारायच्या, नाव इथे संपतं. मी रेघेपर्यंतचं टंकायचो. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, रोज सहाशे. मोडलेली दहा गाणी मी सर्वांत आधी पहिल्यासारखी केली, अक्कांना त्या दहाही टिपा तोंडपाठ होत्या.

बुधवारी सहाशे झाली. गुरुवारी दुपारी कळलं की बारकोडच्या रकान्यात चाळीसच अक्षरं मावतात. चाळीस आकड्यांचा बारकोड जगात कोणी पाहिला असेल असं नाही, त्यामुळे रकाना करणाऱ्याला दोष देता येत नव्हता. पण लांब पहिल्या ओळी मधेच तुटल्या होत्या. केलेल्या कामातलं निम्मं पुन्हा तपासावं लागणार होतं.

“सोडायचं का?” अक्कांनी विचारलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला होता. “मार्चनंतर मी नाही. तुम्हांला कशाला त्रास?”

“पान किती नंबरचं चाललंय?”

“एकोणचाळीस.”

“चाळीसावं द्या.”

त्यांनी चष्मा घातला. तिथून पुढे त्या दोन रेघा मारू लागल्या. एक नाव संपतं तिथे, दुसरी नाव तोडायचं तिथे. तोडण्याबद्दल त्यांची मतं पक्की होती. “इथं तोडलं तर अर्थ ऱ्हातो. इथं तोडलं तर नायिका मेल्यासारखी वाटते. अय्यो, इथं नको, इथं ती नवऱ्याला सोडून गेली.”

वाचता वाचता त्यांनी स्वतःच काही टिपा खोडल्या. “हे नको आता. हे गाणं लावलं की दुपारचा निवेदक रडायचा. त्याचं लग्न झालं.” एका टिपेशी थांबल्या आणि मग पुढे गेल्या. मी नंतर चौकशी केली, सकाळच्या निवेदिकेच्या वारलेल्या वडिलांच्या आवडीचं गाणं होतं, आणि टीप एवढीच होती: ‘हे तिच्या पाळीत नको.’

शुक्रवारी दुपारी सर दारात आले. “झालं?”

“होईल.”

“मी तारीख वगैरे विचारत नाही, झालं का एवढंच विचारतोय.”

“तीनशे उरली सर,” अक्का म्हणाल्या. “तुम्ही उभे ऱ्हाल तितका वेळ तीनशेच उरतील.”

सर गेले. संध्याकाळी सहाला शेवटचं गाणं झालं. मी साच्यातला ‘शीर्षक’ हा शब्द काढून ‘बारकोड’ घातला. टेबलावरच्या रेडिओत गाणं बदललं, नाव बदललं. फक्त नाव. स्टुडिओच्या काचेतून निवेदकाच्या पडद्यावर पाहिलं, तिथे नावापुढे लिहिलेलं होतं, ‘ढोल फार जोरात सुरू होतो, आवाज आधी कमी करा.’ निवेदकाने आवाज कमी केला.

मग मी प्रमाणपत्र लिहिलं. ‘या केंद्रातून श्रोत्यांकडे जाणाऱ्या मजकुरात गाणं आणि गायक यांच्या नावांखेरीज काहीही नाही.’ यातला शब्द न् शब्द खरा होता. शीर्षकाच्या रकान्याबद्दल त्यात काही म्हटलं नव्हतं, पण प्रमाणपत्रात काय नाही हे वाचायची आमच्याकडे प्रथा नाही. सरांनी सही केली.

शनिवारी उद्घाटन झालं. एनकोडरचा राखीव नग समारंभासाठी खाली आणला होता. त्याला चंदन-कुंकू लावलं, हार घातला, शेजारी लिंबू ठेवलं. प्रादेशिक संचालक म्हणाले की आजपासून नभोवाणीला दृष्टी मिळाली, आणि मोठं लाल बटण दाबलं. ते बटण कशालाच जोडलेलं नव्हतं. मीच सकाळी टेबलाला चिकटवलं होतं. आवारात एक गाडी दारं उघडी टाकून उभी होती, तिच्या पडद्यावर नाव आलं, टाळ्या झाल्या. अक्का खाली आल्या नाहीत. दुपारच्या कार्यक्रमाची यादी लावायची होती.

सोमवारी मुख्य कचेरीचा प्रोग्रॅम चालला आणि आम्हाला वगळून गेला. मला वाटलं संपलं. पण दोन महिन्यांनी पत्र आलं की प्रमाणपत्र दिलेल्या केंद्रांची प्रत्यक्ष तपासणी होणार आहे. शीर्षकाच्या रकान्यात फालतू मजकूर आढळला तर तोच प्रोग्रॅम त्याच दिवशी चालवला जाईल. अक्कांच्या निवृत्तीला तेव्हा पाच आठवडे राहिले होते.

“लपवायचं का?” मी विचारलं.

“काय लपवायचं? रकाना आहे, बघू दे त्यांला. मी शेजारी बसते.”

तपासणीला आलेले गृहस्थ भोपाळचे होते. सौम्य, काटेकोर, तमिळ न कळणारे, स्वतःची पट्टी घेऊन आलेले. ती पडद्यावर धरून एकेक ओळ पाहायचे. सकाळपासून दुपारपर्यंत त्यांनी आमच्या शीर्षकांची पानं खाली सरकवली. अक्का शेजारच्या खुर्चीत, फिल्टर कॉफीचा टंबलर त्यांच्यापुढे सरकवत. मी मागे उभा होतो.

“तुमच्याकडची नावं फार लांब असतात,” गृहस्थ हिंदीत म्हणाले.

“पहिली ओळ असते सर,” अक्का म्हणाल्या. “आमच्याकडं कवी लोक थांबत नाहीत.”

ते आणखी दोन पानं खाली गेले आणि पट्टी एका ओळीवर थांबली. वेळच्चेरीच्या आजी, पाच मिनिटं बोलू द्या.

“हे कसलं गाणं आहे?”

अक्कांनी पुढे झुकून ती ओळ पूर्ण वाचली. मोठ्याने, सावकाश, शब्द सुटे करून. नाव, आणि मग टीपही.

“थोडं करुण आहे,” त्या म्हणाल्या.

“ऐकताना जाणवतं,” गृहस्थ म्हणाले, आणि पट्टी खाली सरकली.

अहवाल दहा दिवसांनी आला. आमच्या केंद्राबद्दल त्यात दोन ओळी होत्या. शीर्षकाचा रकाना समाधानकारक. बारकोडच्या रकान्यात एकही बारकोड नाही.